पहिल्या दोन रांगांचा लिलाव

आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या बायकोला तिच्या आवडत्या गायिकेचं गाणं एकदा समोर बसून ऐकायचं होतं. तिकिटांचा लिलाव ऑनलाइन होता. आमच्या सुनेनं वेळेवर बटण दाबलं नाही, म्हणून ते कायमचं राहून गेलं. लग्नकार्यात बायका एकत्र बसल्या की कोणीतरी हे काढतंच. सुनेचं माहेर तळोद्याचं. तिचे वडील तिथल्या सरकारी कचेरीत कारकून होते. त्यामुळे "तळोद्यावालीनं घालवलं" एवढं म्हटलं तरी सगळ्यांना कळतं.

ते खोटं आहे. ते खोटं मी सांगितलं. माझ्या बायकोला मी आता खरं सांगितलं आहे. बाकीच्यांसाठी हे लिहितो आहे.

मी चाळीस वर्षं नंदुरबारच्या बाजारात एका व्यापाऱ्यासाठी ओल्या मिरचीची खरेदी केली. दुकान माझं नव्हतं, पण बोली माझी होती. सकाळी गाड्या लागायच्या आणि आम्ही खरेदीदार घोळक्यानं एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर सरकायचो. अडत्याचा माणूस भाव पुकारायचा. मी मूठभर मिरची उचलायचो, एक मोडायचो, आतलं बी बघायचो, बोली वाढवायचो. भाव चढत गेला आणि माल मला हवाच असला, तर मी एक गोष्ट करायचो. हातातली मिरची परत ढिगावर टाकायची, हात पँटला पुसायचे आणि काही न बोलता पुढच्या गाडीकडे चालू लागायचं. मागं राहिलेल्यांच्या मनात शंका यायची, यानं आत काय पाहिलं? माल भिजलेला आहे का? बोली थंडावायची. मग पुकारणारा मलाच हाक मारायचा, "ओ भाऊ, या की मागे." मी चार पावलं जास्त जायचो, वळायचो, आणि "एक वार, दोन वार" झाल्यावर तिसरा वार पुकारायच्या आधी माझ्या भावात माल घ्यायचो. या एका गोष्टीवर बाजारात माझं नाव होतं. मला तिचा अभिमान होता. अजूनही थोडा असेल.

आता बायकोबद्दल. तिचं माहेर कोरीटचं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर गाणी आली. ती स्वतः बरं गायची, पण स्वयंपाकघराच्या बाहेर कधी गायली नाही. रेडिओवर त्या गायिकेचं गाणं लागलं की भाकरी तव्यावर करपायची. लग्नानंतर काही वर्षांनी मी कामासाठी नाशिकला गेलो तेव्हा तिला बरोबर नेलं, कारण त्याच संध्याकाळी तिथे त्या गायिकेचा कार्यक्रम होता. मी सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं. आम्ही एका खांबाच्या मागे बसलो. तीन गाणी झाली आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून मी तिला उठवलं. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी पोळ्या लाटताना म्हणाली, "माले एकदा जोडेथून ऐकनं शे." मी म्हणालो, जाऊ पुढच्या वेळी, जवळ बसू. त्यानंतर पोरं झाली, त्यांची शिक्षणं, लग्नं झाली. पुढची वेळ आली नाही. खरं म्हणजे मी आणली नाही.

साठी ओलांडल्यावर तिचे कान जायला लागले. आधी कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग पाखरं, मग बायकांचे आवाज. डॉक्टरांनी सांगितलं की कानाच्या नसाच वाळत चालल्या आहेत. यंत्र लावा, पण ते फार दिवस पुरणार नाही. यंत्रानं आवाज मोठा व्हायचा आणि सगळा एकात एक मिसळायचा. समोर माणसाचं तोंड दिसलं तर मात्र ती ओठ बघून, उरलेला आवाज जोडून शब्द लावायची. पाठमोरं बोललेलं तिला नाहीच कळायचं.

सूनबाईनं यावर एक उपाय काढला होता. दुपारी कामं आटोपली की ती सासूसमोर मांडी घालून बसायची, फोनवर ते गाणं लावून फोन सासूच्या यंत्राजवळ धरायची, आणि स्वतः गाण्याबरोबर नुसते ओठ हलवायची. तिला गाता येत नाही. पण शब्द अगदी वेळेवर यायचे. त्यासाठी तिनं गाणी पाठ केली होती. सासू तिच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि मांडीवर हातानं ताल धरायची. मी पलंगावर पेपर वाचल्यासारखं करत हे बघायचो. त्या घरात मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं दृश्य ते होतं, आणि ते माझ्यामुळे बंद पडलं.

एका दुपारी सूनबाईच फोनवर वाचून म्हणाली, "आप्पा, त्यांचा नाशिकला कार्यक्रम आहे. शेवटचा म्हणताहेत. यानंतर स्टेजवर गाणार नाहीत."

साधी तिकिटं तोपर्यंत संपली होती. तशीही ती आमच्या उपयोगाची नव्हती, मागं बसून हिला काय कळणार? पण पहिल्या दोन रांगा राखून ठेवल्या होत्या. त्या खुर्च्यांचा ऑनलाइन लिलाव होणार होता आणि येणारा पैसा एका दवाखान्याला जाणार होता.

लिलाव म्हटल्यावर मी पेपर बाजूला ठेवला. "मग चिंता कशाची? हे आपलंच काम आहे."

बायकोला सूनबाईनं समोर बसून सावकाश सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "आते काय वय शे का हाई?" पण त्याच संध्याकाळी तिनं ट्रंकेतली एक नवी साडी काढून तिचा फॉल तपासला.

सूनबाईनं नियम दोनदा वाचले आणि मला समजावले. मी तेव्हा अर्धंच ऐकलं. आता पूर्ण लिहितो, कारण माझी चूक त्यातूनच कळेल. खुर्च्या जोडीनं होत्या. वीस जोड्या. इथे ढीग एक आणि घेणारा एक असं नव्हतं. लिलाव संपताना ज्यांच्या बोल्या वरच्या विसांत असतील त्या सगळ्यांना एकेक जोडी मिळणार होती. आपण कितवे आहोत ते पडद्यावर दिसायचं. विसाच्या आत असलो तर हिरवं, बाहेर गेलो तर लाल. बोली वाढवता यायची, कमी करता यायची नाही, मागेही घेता यायची नाही. बोली लावली की बँक तेवढे पैसे खात्यात अडवून ठेवायची, आणि त्यासाठी दर वेळी ओटीपी लागायचा. खातं माझं, म्हणून ओटीपी माझ्या फोनवर यायचा. लिलावाचं पान सूनबाईच्या लॅपटॉपवर होतं. रविवारी पाचला लिलाव बंद होणार होता. तिथे तीन वार नव्हते, कोणासाठी थांबणं नव्हतं. पाच म्हणजे पाच.

आणखी एक सोय होती. आपण जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो आकडा आधीच भरून ठेवायचा. मग मशीन आपल्या वतीनं गरजेपुरतीच बोली वाढवत राहतं. वरच्या विसांत राहायला जेवढं लागेल तेवढंच, जास्त नाही. ओटीपीही एकदाच.

"आप्पा, हेच करू," सूनबाई म्हणाली. "तुमचा शेवटचा आकडा सांगा. भरून टाकते. मग बघायलाच नको."

"शेवटचा भाव आधी सांगणारा व्यापारी मी जन्मात पाहिला नाही."

"तो कोणाला दिसत नाही हो."

"मशीनला तर दिसतो ना?"

ती हसली. "मशीनला काय करायचंय तुमच्या भावाचं?"

"ते तुला नाही कळायचं. मशीन कोणाचं आहे? विकणाऱ्याचंच ना?"

घरात शेवटचा शब्द माझा असायचा. आकडा माझ्या मनात होता आणि तो मी कोणालाच सांगितला नाही. बायकोच्या इच्छेला मी मनातल्या मनात एक भाव लावून ठेवला होता आणि त्याच्या आत जितकं खाली मिळेल तितकं मिळवायचं होतं. जसं मिरचीचं, तसंच.

रविवारी दुपारी जेवून सूनबाई लॅपटॉप घेऊन बसली. बायको खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. आमच्या तोंडांकडे बघत होती. तिनं ती साडी नेसली होती. लिलाव घरातच होता, तिला कुठे जायचं नव्हतं, तरी नेसली होती.

सुरुवातीला आम्ही चौदावे होतो. मग सोळावे, मग एकोणिसावे. मी सांगायचो, थोडं वाढव. ओटीपी यायचा, मी वाचून दाखवायचो, आम्ही परत पंधरावे. असं तीन-चार वेळा झालं. प्रत्येक वेळी सूनबाई म्हणायची, "आप्पा, आता तरी मोठा आकडा भरू या." मी म्हणायचो, "घाई करायची नाही."

साडेचारनंतर बोल्या भराभर चढायला लागल्या. आम्ही सतरावे होतो. आणि माझ्या हातांना जुनी सवय आठवली. मी हात पँटला पुसले आणि उठलो.

"कुठे आप्पा?"

"येतो. जरा थंड होऊ दे यांना."

"कोणाला?"

"या सगळ्यांना. आपण वाढवत राहिलो की तेही वाढवतात. दहा मिनिटं हात लावू नको."

"आप्पा, त्यांना तुम्ही दिसत नाही," ती म्हणाली. मला हे नीट आठवतं. ती हेच म्हणाली होती.

मी चपला घातल्या आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टपरीवर गेलो. फोन खिशात होता. तो मी मुद्दाम नेला की सवयीनं, याचा मी खूप विचार केला आहे. सवयीनं नेला असं मला वाटतं. पण पुढचं सवयीनं झालं नाही.

टपरीवर बाजारातला माझा जुना जोडीदार बसला होता. आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांविरुद्ध बोल्या लावल्या आहेत.

"काय भाऊ, आज दुपारनाच?"

"घरमा लिलाव चालू शे."

"मंग आठे काय करी ऱ्हायना?"

"लिलावच करी ऱ्हायनू."

तो लगेच समजला आणि मोठ्यानं हसला. चहा सांगितला. मी त्याला सगळं रंगवून सांगत होतो. तेवढ्यात फोन वाजला. सूनबाईचा होता. मी पडद्यावर नाव वाचलं आणि फोन उचलला नाही. बाकावर पालथा ठेवला.

"घे की," तो म्हणाला.

"पहिल्या हाकेला मागं वळतात का कधी?"

तो परत हसला. फोन थांबला, पुन्हा वाजला. मग मेसेज आल्याचे दोन आवाज झाले. ते ओटीपी होते. तिनं धीर करून माझ्या मनाविरुद्ध आकडा भरला होता आणि माझी वाट बघत होती. मी चहा संपवत होतो. मला तेव्हा फार बरं वाटत होतं हे लिहिलंच पाहिजे. बाजार सुटल्यापासून पहिल्यांदाच मला मी चांगला खरेदीदार असल्यासारखं वाटत होतं, आणि मला बोलावलं जात होतं.

चौथ्यांदा फोन वाजला तेव्हा उठलो. सूनबाई गल्लीत अनवाणी येताना दिसली. तिनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. तिनं असं आधी कधी केलं नव्हतं. ती पळत पुढे गेली, मी मागून आलो. आलेले ओटीपी जुने झाले होते, नवा मागवावा लागला. तो आला. तिनं आकडे टाकले. पडद्यावर आलं की लिलाव संपला आहे. आम्ही बाविसावे होतो.

विसाव्याची बोली पडद्यावर दाखवली होती. ती आमच्या बोलीहून थोडीशीच वर होती, आणि माझ्या मनातल्या आकड्याहून बरीच खाली. सूनबाईचा सल्ला ऐकून आकडा भरला असता तर आम्ही आरामात आत होतो. हे सूनबाईला कळलं नाही, कारण माझा आकडा तिला माहीतच नव्हता. आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

बायको खुर्चीतून उठून आमच्यापर्यंत आली होती. आमची तोंडं बघून तिनं विचारलं, "काय व्हयनं?"

मी तिच्याकडे तोंड केलं. उजेड माझ्या चेहऱ्यावर पडेल असा उभा राहिलो, कारण तिला ओठ दिसले पाहिजेत. आणि एकेक शब्द सुटा करून बोललो. "सूनबाईनं बटण दाबायला उशीर केला."

मी पुटपुटलो असतो तर तिला कळलं नसतं. मी पुटपुटलो नाही. सूनबाई माझ्या बाजूलाच उभी होती, तिला ऐकायला ओठ बघायची गरज नव्हती. तिचे पाय धुळीनं भरले होते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत राहिलो.

बायको म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नशीबमा नही." आणि आत जाऊन साडी बदलून आली.

तिनं सुनेला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, सूनही काही बोलली असती. तिनं फक्त दुपारचं समोर बसणं बंद केलं. सूनबाई फोन घेऊन आली की ती म्हणायची, डोकं दुखतं. बोलणारे बाकीचे होते. माझ्या बहिणीनं चार बायकांत तिला विचारलं, "बटन दाबाले भी मुहूर्त लागस का वं?" सगळ्या हसल्या. मीही तिथे होतो. सूनबाई पाण्याचे ग्लास गोळा करत होती, ते घेऊन आत गेली.

वर्षभरात मुलानं सुरतेला बदली मागून घेतली. सोबत राहणाऱ्या म्हाताऱ्यांना सोडून का चाललास, असं मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. ती दोघं गेली. त्याच पावसाळ्यात बायकोच्या कानात उरलेलं होतं तेही गेलं. यंत्र काढून तिनं डबीत ठेवून दिलं. ती गायिका त्यानंतर कुठे गायल्याचं ऐकिवात नाही. आणि गायली असती तरी आता काय?

घरात आम्ही दोघंच. तिची नजरही कमी झाली, ओठ बघून फारसं लागेना. मग एक शंभर पानी वही आणली. मला जे सांगायचं ते मी वहीत मोठ्या अक्षरात लिहायचो, ती वाचून तोंडानं उत्तर द्यायची. दूधवाला काय म्हणाला, मुलीचा फोन काय होता, गल्लीत कोणाला काय झालं, सगळं माझ्या अक्षरातून. बाहेरचं तिला जे काही कळायचं ते मी लिहीन तेवढंच कळायचं. एकदा सूनबाईचा फोन आला, तिनं सासूची तब्येत विचारली. मी वहीत लिहिलं, "मुलाचा फोन होता." लिहून झाल्यावर मला कळलं की मी पुन्हा तेच केलं आहे. या वेळी तर कोणी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर मी सूनबाईला फोन केला. म्हणालो, मी खोटं बोललो होतो.

"मला माहीत आहे आप्पा. मी तिथेच होते."

"तू कधी सांगितलं का नाहीस?"

"गेले होते सांगायला. आईंनी तोंड फिरवलं. तोंड फिरवल्यावर त्यांना काय सांगणार?" पुढे ती म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही सांगाल. आज नाही, उद्या सांगाल. मग वाटणं बंद झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीत सगळं लिहिलं. टपरी, बाकावर पालथा ठेवलेला फोन, ते वाक्य. पाच पानं झाली. बायकोसमोर ठेवली. ती चष्मा लावून ओळीवर बोट ठेवून वाचत होती. मी समोर बसलो होतो. मध्ये एकदा थांबून तिनं विचारलं, "फोन वाजना तो तुम्ही देखा व्हता?"

मी मान हलवली.

"तिन्हं नाव देखा व्हतं?"

मी पुन्हा मान हलवली. तिनं शेवटपर्यंत वाचलं. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ती हल्ली मोठ्यानं बोलते. ती मोठ्यानं म्हणाली, "तिले फोन लावा."

मी लावून दिला. तिनं फोन हातात धरला. "बेटा, मी बोलस. माले ऐकू येत नही, तू ऐकी ले. मन्हं चुकनं." एवढंच बोलून ती फोन कानाला लावून बसून राहिली. पलीकडून सूनबाई काहीतरी बोलत होती, रडत होती बहुतेक. फोनच्या बाजूनं आवाज येत होता आणि मला काही शब्द कळत होते. ते बायकोला कळावेत म्हणून मी वही पुढे ओढली आणि पेन उघडलं.

तिनं माझ्या हाताखालून वही काढून घेतली.

"तुम्ही नका लिखू," ती म्हणाली. "ती लिखी."

आता मुलानं सुरतेहून एक फोन पाठवला आहे. सूनबाई त्याच्यावर सासूला मोठ्या अक्षरात लिहून पाठवते. रोज दुपारी येतं. बायको खिडकीपाशी बसून वाचते, एका बोटानं उत्तर लिहिते, कधी हसते. काय लिहिलं आहे ते मला सांगत नाही आणि मी विचारत नाही. वही बंद झाली. मला काही सांगायचं असलं तर मी हातानं खुणा करतो. जेवण, पाणी, दार लाव, एवढ्या खुणांत घर चालतं. एकदा मी कागदावर लिहून तिच्यासमोर ठेवलं की नातेवाईकांनाही खरं सांगणार आहे. तिनं तो कागद न वाचता घडी करून माझ्याकडे सरकवला.